जर्सीवरचे नाव

डोंबिवली सुटली की कल्याण येण्याआधी लोकल ठाकुर्लीला थांबते. बहुतेक प्रवाशांना हे स्टेशन तेवढ्यापुरतेच ठाऊक असते. पण मुंबईच्या रेल्वेच्या इतिहासात या गावाचा मान मोठा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडच्या ‘जीआयपी’ने, १९२९ मध्ये इथे चोळे गावालगत स्वतःचे वीजकेंद्र उभारले. लोकल आणि घाटातल्या गाड्या विजेवर चालवायला लागणारी वीज या ‘चोळा पॉवर हाउस’मधून जात असे. १९८०च्या दशकात ते बंद पडले. तोवर त्याच्या आसपास रेल्वेची अख्खी वस्ती वसली होती. क्वार्टर्स, साहेबांचे बंगले, पलीकडे बावनचाळीचा परिसर, हे सगळे त्या वस्तीचे अवशेष आहेत.

रेल्वेने जिथे कारखाना, यार्ड किंवा लोकोशेड काढली, तिथे तिला माणसे आणून वसवावी लागली. माणसे आली की दवाखाना आला, शाळा आली, इन्स्टिट्यूट आले आणि मैदानही आले. पाळी संपवून आलेल्या तरण्या माणसाला संध्याकाळी करायला काहीतरी हवे असते. जवळ चेंडू असला आणि बावीस जण जमले की फुटबॉल सुरू होतो. त्याला बॅट लागत नाही, पॅड लागत नाहीत, फार पैसाही लागत नाही. म्हणूनच जगातले अनेक फुटबॉल क्लब रेल्वेच्या वस्त्यांत जन्मले. आज अब्जावधींची उलाढाल करणारा मँचेस्टर युनायटेड १८७८ मध्ये न्यूटन हीथ या नावाने सुरू झाला. तो लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचा संघ होता. मॉस्कोच्या लोकोमोटिव्ह क्लबला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही, नावातच इंजिन आहे. पूर्व युरोपात तर कोणता क्लब कोणत्या खात्याचा, हे नाव ऐकताच कळत असे.

रोमानिया हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. तिथे स्टेआउआ लष्कराचा, दिनामो गृहखात्याचा. प्लोयेश्त या तेलाच्या शहरातला क्लब पेत्रोलुल आणि पेत्रोशान या खाणींच्या गावातला जिउल खाणकामगारांचा. आणि बुखारेस्टच्या ग्रिवित्सा भागातल्या रेल्वे कारखान्यातल्या कामगारांनी १९२३ मध्ये स्वतःचा क्लब काढला, तो म्हणजे रॅपिड. याच कारखान्यात १९३३ मध्ये मोठा संप झाला आणि संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वस्तीला अभिमानाने सांगावे असे फार काही कुणी दिले नव्हते. क्लब मात्र तिने स्वतःच्या हाताने उभा केला होता. रॅपिडचे जुलेश्त हे मैदान १९३९ मध्ये रेल्वेच्याच भागात बांधले गेले. क्लब दिवाळखोरीत निघाला, २०१६ मध्ये नाहीसा झाला, तळच्या स्पर्धांतून पुन्हा खेळू लागला आणि २०२१ मध्ये परत पहिल्या स्तरावर पोचला. असे का घडले असावे, याचा विचार करण्याआधी मुंबईत यायला हवे. कारण मुंबईच्या क्लबांपैकी जे बुडाले त्यांच्यापैकी कुणीही असे परत आलेले नाही.

मुंबईत फुटबॉल आणला तो गोऱ्या पलटणींनी. रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला. पुढची पंचेचाळीस वर्षे हा कप ब्रिटिश पलटणींच्याच हातात फिरत राहिला. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स हा संघ तो जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची स्थापना १९११ मधली. कुलाब्याच्या वाटेवरचे कूपरेज मैदान हे या सगळ्याचे माहेर. मुंबईच्या लीगचे नाव होते हारवूड लीग. नाडकर्णी कप ही दुसरी प्रतिष्ठेची स्पर्धा. या स्पर्धांच्या निकालांत क्लबांची नावे वाचत गेले तर या शहराच्या अर्थव्यवस्थेचा नकाशाच हाती येतो. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, आरसीएफ. गिरण्या, तेल, मोटारी, विमाने, खते आणि रेल्वे. कलकत्त्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समाजातून उगवले. गोव्यातही शेवटी खाणमालकांनी क्लब काढले, पण गावोगावच्या फुटबॉलचा पाया त्यांच्या खाली भक्कम होता. मुंबईत मात्र वरच्या दर्जाचा खेळ जवळजवळ सगळाच कचेऱ्यांच्या आणि कारखान्यांच्या नावावर चालला.

यातला कॅलटेक्स हा मला सर्वांत लक्षात ठेवण्याजोगा वाटतो. एका परदेशी तेल कंपनीच्या मुंबई कचेरीचा हा संघ. १९५८ मध्ये या संघाने रोव्हर्स कप जिंकला. त्या काळी हैदराबाद पोलीस, मोहन बागान, मोहम्मेडन स्पोर्टिंग असे दादा संघ हा कप न्यायला येत असत. हैदराबाद सिटी पोलीसने तर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो जिंकला होता. अशा काळात एका कंपनीच्या संघाने तो मुंबईत ठेवला. या संघातला सर्वांत मोठा खेळाडू नेव्हिल डिसूझा. गोव्यातल्या आसगावात जन्मलेला हा आघाडीपटू आधी टाटांकडून खेळला, मग कॅलटेक्सकडे आला. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि त्यातले तीन गोल नेव्हिलने केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात बलाढ्य युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच. तो सामना भारत ४-१ असा हरला, पुढे ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवले आणि भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमधली ती आपली आजवरची सर्वोत्तम कामगिरी. ती करून परतलेला नेव्हिल मुंबईत पुन्हा आपल्या कंपनीच्या संघातून खेळू लागला. १९८० मध्ये, पन्नाशीही गाठण्याआधी, तो गेला. मेलबर्नची ती हॅटट्रिक ठाऊक असलेली मराठी शाळकरी मुले आज किती सापडतील?

कॅलटेक्सचा दुसरा ऑलिंपियन ठाण्याचा. एस. एस. नारायण, सगळ्यांचे ‘बाबू’ नारायण. मूळचे केरळातल्या ओट्टपालमचे, पण वाढले मुंबईत, माटुंग्याच्या मैदानांवर. गोलरक्षक म्हणून ते १९५६च्या मेलबर्न आणि १९६०च्या रोम अशा दोन्ही ऑलिंपिकच्या भारतीय संघात होते. बास्केटबॉलही उत्तम खेळत. १९६३-६४च्या मोसमात महाराष्ट्राने संतोष ट्रॉफी जिंकली, त्या संघातही ते होते. ऑगस्ट २०२१ मध्ये ठाण्यातल्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. दोन ऑलिंपिक पाहिलेला माणूस आपल्याच शहरात राहत होता, हे कित्येक ठाणेकरांना त्या दिवशीच्या बातमीवरून कळले असेल. त्याचा दोष ठाणेकरांना देऊन चालणार नाही. नारायण ज्या क्लबांतून खेळले, त्यांचा ठाण्याशी काही संबंध नव्हता. ते क्लब कुठल्याच गावाचे, वस्तीचे किंवा पेठेचे नव्हते. १९७०च्या दशकात सरकारने तेल कंपन्या ताब्यात घेतल्या. कॅलटेक्सही १९७८ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. पेट्रोलपंपावरची पाटी बदलली आणि त्याबरोबर रोव्हर्स कपावर एकदा कोरलेले ते नाव शहराच्या बोलण्यातूनही गेले.

कंपनीच्या क्लबांविषयी कुणी तुच्छतेने बोलू लागले की मला वाईट वाटते. या क्लबांनी खेळाडूंना जे दिले ते त्या काळी दुसरे कुणीच देऊ शकत नव्हते. १९५०-६०च्या दशकांत फुटबॉल खेळून पोट भरणे अशक्य होते. मुलगा चांगला खेळतो म्हणून घरात कौतुक असे, पण दहावी-अकरावीनंतर ‘पुढे काय?’ हा प्रश्न येई. कंपनी त्या प्रश्नाचे उत्तर घेऊन यायची. क्लार्कची, टाइमकीपरची, शिपायाची जागा, पगार, प्रॉव्हिडंट फंड, घरच्यांना दवाखाना, आणि सामन्याच्या दिवशी दुपारी हजेरीपटावर सही करून मैदानावर जायची मुभा. पाय मोडला तरी नोकरी टिकायची. पस्तिशीत बूट खुंटीला टांगले तरी टेबल-खुर्ची असायचीच. हा स्पोर्ट्स कोटा रेल्वेत, बँकांत, पोलिसांत आजही आहे. कबड्डी, खो-खो, कुस्ती, अॅथलेटिक्स अशा कितीतरी खेळांतली मराठी मुले त्याच वाटेने घर चालवण्याजोगी झाली. लोअर परळच्या किंवा डोंबिवलीच्या कुठल्याही जुन्या कबड्डीपटूला विचारून पाहा. मंडळाकडून खेळणे ही हौस, आणि कंपनीकडून खेळणे म्हणजे संसार.

रेल्वेचे उदाहरण यात सर्वांत सुंदर आहे, आणि ते कलकत्त्यातले आहे. प्रदीपकुमार ऊर्फ पी. के. बॅनर्जी हा भारताच्या सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक. १९५६च्या मेलबर्न संघात तो होता. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो कर्णधार होता आणि १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकाचा मानकरी होता. मोठमोठ्या क्लबांच्या शहरात राहूनही तो ईस्टर्न रेल्वेकडूनच खेळत राहिला. घराचा भार त्याच्यावर होता आणि रेल्वेची नोकरी हा त्या घराचा आधार होता. १९५८ मध्ये ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन या तिघांखेरीज दुसऱ्या कुणी ती लीग पुन्हा जिंकायला २०१९ साल उजाडावे लागले. एकसष्ट वर्षे! ठाकुर्ली-कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या मुलामुलींना हा इतिहास आपला वाटावा, इतका तो त्यांच्या घरांच्या जवळचा आहे.

पण या व्यवस्थेत एक कच्चा दुवा होता. क्लब कंपनीच्या ताळेबंदातली एक ओळ असे. धंदा चालतो तोवर, किंवा खेळाचे वेड असलेला एखादा अधिकारी खुर्चीवर असतो तोवर, ती ओळ टिकते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणीसंप सुरू झाला. त्याने लाखो घरांचे काय केले हे वेगळे सांगायला नको. त्या उलथापालथीत गिरण्यांची कँटीन, सहकारी सोसायट्या, भजनी मंडळे, नाटके आणि खेळाचे संघ, कामगारांच्या जगण्याभोवतीचे सगळेच विरत गेले. रोव्हर्स कपही २०००-०१च्या मोसमानंतर थांबला. एकशे दहा वर्षांची परंपरा होती ती. तिच्यासाठी या महानगरात कुणी रस्त्यावर उतरले नाही.

त्यानंतरची सर्वांत मोठी कहाणी महिंद्रची. महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा संघ १९६२ पासूनचा. जीप बनवणाऱ्यांचा म्हणून त्याला ‘जीपमन’ म्हणत. १९९६ मध्ये देशात राष्ट्रीय लीग सुरू झाली, व्यावसायिक फुटबॉलचे वारे आले आणि २००० मध्ये संघाचे नाव महिंद्र युनायटेड झाले. या क्लबाने ड्युरँड कप तीनदा जिंकला, १९९८, २००१ आणि २००८ मध्ये. २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन कप आणला. २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय लीगच जिंकली. मुंबईत ती पहिल्यांदाच आली. बरेटो, यूसिफ याकुबू, स्टीव्हन डायस, महेश गवळी अशी नावे त्या संघात होती. पुढच्याच वर्षी आशियाई स्तरावरच्या एएफसी कपमध्ये क्लब उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. आणि २०१० मध्ये कंपनीने जाहीर केले की मोसम संपल्यावर संघ बंद होईल, पुढचा पैसा शालेय फुटबॉलवर खर्च होईल.

कंपनीच्या निर्णयात हिशेब होता, आणि शालेय फुटबॉल हे काही वाईट उद्दिष्ट नव्हे. खरा प्रश्न मुंबईचा होता. देशाचा विजेता राहिलेला संघ, अठ्ठेचाळीस वर्षांचा, एका निवेदनाने संपला आणि शहर दुसऱ्या दिवशी आठ-बाराच्या लोकलने कामाला गेले. असे का झाले? ठाकुर्लीहून कूपरेजला सामना पाहायला जायचे म्हणजे स्लो लोकलने तासाहून अधिक प्रवास, पुढे पायपीट, आणि सामना बहुधा कामाच्या दिवशी दुपारी. त्या संघात आपल्या आळीतला, आपल्या शाळेतला कुणी असेल असेही नाही. कांदिवली असो, भांडुप असो की कल्याण, ‘हा आमचा’ असे म्हणायला माणसाच्या हाती काहीच नव्हते. जर्सीवर कंपनीचे नाव होते आणि क्लब कंपनीचाच राहिला.

हे केवळ कंपनीच्या नावामुळे होते असे मात्र नाही. जर्सीवर गावाचे नाव घातले म्हणून क्लब गावाचा होत नाही, हे रोमानियातल्याच एका छोट्या क्लबाने दाखवून दिले. त्याचा इतिहास विस्ताराने सांगण्यासारखा आहे.

बुखारेस्टच्या ईशान्येला साधारण साठ किलोमीटरवर उर्झिचेन नावाचे गाव आहे. लोकवस्ती सतरा हजारांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती, तेव्हा महापालिकेच्या दोन प्रभागांत हे अख्खे गाव मावले असते. इथला क्लब उनिरेआ उर्झिचेन १९५४ पासूनचा. अर्धशतक तो खालच्या स्तरांवर, शेजारच्या गावांशी खेळत राहिला. मग एका उद्योजकाचा पैसा आला. २००६ मध्ये क्लब पहिल्या स्तरावर पोचला. प्रशिक्षक म्हणून दान पेत्रेस्कू आले. चेल्सीकडून खेळलेले, रोमानियाकडून दोन विश्वचषक खेळलेले. २००८-०९ मध्ये, पहिल्या स्तरावरच्या तिसऱ्याच मोसमात, उनिरेआ देशाचा विजेता झाला. स्टेआउआ, दिनामो, रॅपिड, क्लुज, सगळे मागे.

देशाचा विजेता म्हणून चँपियन्स लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. गटात सेव्हिया, स्टुटगार्ट आणि ग्लासगोचा रेंजर्स. पहिला सामना सेव्हियाकडे हरले. स्टुटगार्टशी १-१. मग २० ऑक्टोबर २००९ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर, पन्नास हजारांची बैठक असलेल्या त्या स्टेडियममध्ये, या सतरा हजारांच्या गावाच्या संघाने रेंजर्सला ४-१ असे हरवले. आधी आघाडी रेंजर्सचीच होती. नंतर घरच्या सामन्यात सेव्हियाला १-० ने हरवले. शेवटच्या सामन्याआधी गणित इतके सोपे झाले होते की स्टुटगार्टमध्ये बरोबरी साधली असती तरी उर्झिचेन युरोपातल्या पहिल्या सोळात गेले असते. तो सामना ३-१ ने हरले. आठ गुण, गटात तिसरे स्थान, रेंजर्सच्या वर.

आता दुसरी बाजू. उर्झिचेनचे स्वतःचे मैदान युरोपीय निकषांत बसत नव्हते. म्हणून चँपियन्स लीगचे ‘घरचे’ सामने बुखारेस्टमध्ये, स्टेआउआच्या मैदानावर झाले. आपल्या गावाचा सर्वांत मोठा क्षण पाहायला गावकऱ्यांना राजधानीत जावे लागले. त्याच डिसेंबरात पेत्रेस्कू रशियाला निघून गेले. पुढच्या वर्षी मालकाने हात आखडता घेतला आणि बरेच खेळाडू स्टेआउआकडे गेले. २०११ मध्ये संघ तळाला जाऊन पहिल्या स्तरावरून घसरला आणि क्लब मिटला. ग्लासगोच्या त्या रात्रीनंतर दोन वर्षेही झाली नव्हती. रॅपिड बुडाला तेव्हा त्याच्या मागे ग्रिवित्सा-जुलेश्तच्या पिढ्या होत्या. आजोबा, वडील, मुलगा असे एकाच मैदानावर गेलेले. त्यांनी तळापासून पुन्हा सुरुवात केली. उनिरेआच्या मागे एक माणूस होता. तो गेला, सगळे गेले.

रोमानियाने या गोष्टीचे विकृत रूपही पाहिले आहे. हुकूमशहा चाउशेस्कूचे जन्मगाव स्कोर्निचेश्त. त्या खेड्याचा संघ वर नेण्यासाठी सरकारी यंत्रणा राबली. १९७८ मध्ये गोलफरकावर बढती मिळवताना या संघाने एक सामना १८-० असा जिंकला. पुढे दहा वर्षे तो पहिल्या स्तरावर खेळला. १९८९च्या डिसेंबरात सत्ता उलटली आणि काही आठवड्यांत क्लबाला पहिल्या स्तरावरून काढून टाकण्यात आले.

आपल्याकडे महिंद्रनंतरचे दशक याच चुकांचे होते. २००७ मध्ये निघालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगच्या, म्हणजे नाव बदललेल्या राष्ट्रीय लीगच्या, तळाला गेला आणि संपला. पुण्यात पिरामल समूहाचा पुणे एफसी चांगला उभा राहिला होता, तोही थांबला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५चा एकच मोसम खेळला. इंडियन सुपर लीगमधला, म्हणजे आयएसएलमधला, एफसी पुणे सिटी पाच मोसमांनंतर बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. थोड्याच वर्षांत पुणे-मुंबई पट्ट्यातले इतके क्लब गेले, त्यांतल्या बहुतेकांच्या जर्सीवर शहराचे नाव ठळक होते.

आणि ज्या मोसमात मुंबई एफसी बुडाला, त्याच २०१६-१७च्या मोसमात आय-लीग कुणी जिंकली? मिझोरमच्या ऐझॉल एफसीने. १९८४ मध्ये स्थापन झालेला, तुटपुंज्या पैशांचा हा क्लब. आदल्या वर्षी खालच्या स्तरावर गेलेला आणि केवळ इतर क्लब गळाल्यामुळे परत घेतलेला. त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील. महिंद्रकडून खेळलेले, मुंबई एफसीचे अनेक वर्षे प्रशिक्षक राहिलेले. मुंबईने त्यांना सोडले, ते जयेश राणे, आशुतोष मेहता अशा आपल्या ओळखीच्या खेळाडूंना घेऊन डोंगरात गेले आणि ईशान्य भारताला पहिली राष्ट्रीय लीग मिळवून दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये हेच खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. मुंबईच्या कंपनी-क्लबांनी माणसे घडवली, याबद्दल शंका नको. त्या माणसांना ठेवून घेणारे घर मुंबईकडे नव्हते. ऐझॉलकडे होते, कारण तिथे फुटबॉल चर्चपासून शाळेपर्यंत सगळ्यांचा आहे.

महाराष्ट्रात असे घर एकाच शहराने बांधले, ते म्हणजे कोल्हापूर. शाहू महाराजांच्या काळात या शहराच्या पेठापेठांत तालमी फोफावल्या आणि खासबागचे कुस्ती मैदान उभे राहिले. त्याच तालमींनी पुढे फुटबॉलही आपला मानला. म्हणून तिथल्या क्लबांची नावे ऐकली की परगावच्या माणसाला आधी आखाडाच आठवतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, श्री शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, सगळ्यांच्या तोंडी ‘केएसए’ची, लीग शाहू स्टेडियमवर होते. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातली चुरस साऱ्या शहराला ठाऊक आहे. सामन्याच्या दिवशी दुपारपासून दुकानात, रिक्षात, चहाच्या गाड्यावर एकच विषय.

या क्लबांना कंपनी नाही. तालीमच गणपती बसवते, शिवजयंती करते, पंचगंगेला पूर आला की माणसे बाहेर काढायला धावते, आणि तीच संघ उतरवते. बुटांसाठी वर्गणी पेठेतल्याच दुकानदारांकडून निघते. खेळाडू म्हातारा झाला की तो तालमीच्या कट्ट्यावर बसून पुढच्या पोरांना बोलतो. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. पुढे त्याला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिक्षण मिळाले, पण चेंडूचे वेड त्याने कोल्हापुरातून नेले.

कोल्हापूरचे सगळेच गोडवे गाता येणार नाहीत. चुरशीची हाणामारी होते, प्रेक्षक मैदानात उतरतात, सामने थांबवावे लागतात, पोलीस लागतात. इतकी वर्षे इतकी गर्दी असूनही या शहराचा पुरुषांचा क्लब देशाच्या पहिल्या लीगमध्ये दिसला नाही, हीही उणीवच. महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी उतरला, ही त्यातली आनंदाची गोष्ट. मात्र या त्रुटींसकट कोल्हापूरचे क्लब जिवंत आहेत. गिरणीसंप आला-गेला, राष्ट्रीय लीगची नावे बदलली, महिंद्र आला-गेला, आणि पाटाकडीलचा संघ पुढच्या मोसमातही मैदानावर होता. माझ्या मते भारतीय फुटबॉलच्या व्यवस्थापकांनी परदेशी सल्लागारांना विचारण्याआधी एक मोसम शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर काढावा.

मग ठाणे-कल्याण पट्ट्याचे काय? इथे मैदानाची भूक मोठी आहे. साडेबारा लाखांची नोंद झालेल्या शहराला कल्याणचे सुभाष मैदान, डोंबिवलीचे सावळाराम महाराज क्रीडा संकुल, रेल्वेची मैदाने आणि शाळांची पटांगणे एवढाच आधार. त्यांतही सभा, प्रदर्शने आणि मंडप यांचा हक्क खेळाच्या आधी लागतो. क्लब उभा राहायला लीगचा दर्जा किंवा मोठा पुरस्कर्ता यांच्या आधी मैदान लागते. दर संध्याकाळी तेच, दर वर्षी तेच, आजोबाला आणि नातवाला एकच. न्यूटन हीथ, ग्रिवित्सा, शिवाजी पेठ यांच्याकडे ते होते. रेल्वेने ठाकुर्लीलाही ते दिले होते. वस्ती उभी करताना तिच्या मापाचे मैदान आखले पाहिजे, हे जीआयपीच्या साहेबांना शंभर वर्षांपूर्वी कळत होते.

वाचकांकडे माझ्या दोन मागण्या आहेत. कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, ठाणे इथल्या घराघरांत रेल्वेच्या, गिरणीच्या किंवा कारखान्याच्या संघाचे जुने फोटो आहेत. मधोमध ढाल, मागे उभे बनियनमधले गोलरक्षक, पुढे मांडी घालून बसलेली पोरे. घरातले आजोबा बोलते आहेत तोवर त्या फोटोच्या मागे प्रत्येकाचे नाव, साल, मैदान आणि स्पर्धा लिहून ठेवा, आणि त्याची एक प्रत जवळच्या वाचनालयात द्या. आणि तुमच्या प्रभागाच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचे आरक्षण कुठे आहे, ते महापालिकेत जाऊन पाहा. त्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा आपली लेखी सूचना मुदतीत द्या.